चाकाखालचा धोंडा

गाडी हलली.

आदी मला वाटलं मलाच चक्कर आली. माज्या दोन हातात नारळाची दोन भकलं, पानी मनगटावरनं कोपरापतुर वघळतंय, आन समोरचं ते दोन दिवं, बेडकाच्या डोळ्यावानी भाईर आल्यालं, ते माज्याकडं यायला लागलं. सावकास. इंजान बंद, धूर न्हाई, आवाज न्हाई. नुसतं टायराखाली खडं वाजाय लागलं, करर करर. म्या बाजूला उडी मारली. आन उडी मारल्यावर मला उमगलं की म्या एकटीच बाजूला झाले. पोरगं आत व्हतं.

माजं पोरगं, आट म्हैन्याचं, मागच्या शीटवर झोपल्यालं व्हतं.

पळाले. पुढच्या मडगाडाला धरलं तर हात सटाकला, सकाळीच आमच्या ह्यांनी त्याला तेलाचं फडकं मारून आरशावानी केलं व्हतं. मागच्या दाराच्या कडीला धरलं, कडी फिरली पर दार उघडंना, ते दार आतनंच उघडायचं. मंग म्या नुसतीच गाडीसंगं पळतेय, काचंतनं आत बगत. कुंची त्याच्या डोळ्यावर आल्याली. झोपल्याला. गाडीनं जोर धरला आन माजा हात सुटला.

आमच्या अंगनातनं उतार सरळ सडकंला जातो, भोर-भाटघरच्या सडकंला. सडकंच्या पल्याड भाताची खाचरं. त्या टायमाला रोज यष्टी जायची. त्या दिवशी आली न्हाई. का आली न्हाई मला ठावं न्हाई, कुनाला कदी इचारलं न्हाई, इचारायचं भ्याच वाटतं. गाडी सडक वलांडून गेली, बांधावरनं नाक खाली घातलं आन लोंबीला आल्यालं भात आडवं करत धा-बारा हात गेली. मंग चिखलात बसली.

आन मंग काईच आवाज न्हाई.

एवढी गाडी गेली, बांध फुटला, पानी उडालं, आन माजं पोरगं रडंना. म्या बांधावर हुबी. खरं सांगते, आई असून म्या तितं थांबले. जवर बगितलं न्हाई तवर त्यो जित्ता हाय, आसं काईतरी डोक्यात. किती येळ थांबले ठावं न्हाई. दोन श्वास आसंल, न्हाईतर लई येळ.

मंग त्यो रडला. म्या चिखलात कशी उतरले, पुढच्या दारातनं आत कशी घुसले, काई ठावं न्हाई. दोन शीटांच्या मदी, ह्यांच्या हत्याराच्या पोत्यावर पडला व्हता. कपाळावर ल्हान टेंगूळ. मुठी आवळून, लालबुंद. म्या त्याला छातीशी धरलं आन तितंच, त्या चिखलातल्या गाडीत, बसून ऱ्हायले. शीट मऊ व्हती. तवा पन मला वाटलं, किती मऊ हाय ही शीट.

आता आदीचं सांगते, न्हाईतर तुमाला वाटंल ही बाई पोराला मोटारीत कशापायी झोपवती.

माजं म्हायेर वेल्ह्याकडं, गुंजवन्याला. तितं तवा मोटार म्हंजी यष्टी, आन ती बी पावसाळ्यात यायची न्हाई. म्या चौथीपतुर शिकले, मंग शाळा सुटली, मंग लगीन. भोरला आले तर दारात ही गाडी. पैल्या दिवशी उंबरा वलांडायच्या आदी मला तिचं दिवं दिसलं आन म्या दचकले. आमचे हे हासले. म्हनाले, "भिऊ नगं, चावत न्हाई."

माजे सासरे संस्थानाच्या येळंला एका बड्या मान्साची मोटार चालवायचे. संस्थान गेलं, त्यो मानूस मुंबईला गेला, जाताना गाडी सासऱ्यास्नी देऊन टाकली. सासऱ्यांनी ती छपरात लावली आन पुढं कुनी हात लावला न्हाई. सासरे वारले तवा तिच्यात कोंबड्या अंडी घालत व्हत्या. आमचे हे भोरात ग्यारेजमदी फिटर. ह्यांनी कोंबड्या हुसकल्या आन गाडीला हात घातला, त्यो हात कदी काडलाच न्हाई.

मूळचं इंजान फुटल्यालं व्हतं. त्याचं सामान मिळंना. पुन्याच्या जुन्या बाजारात खेपा घातल्या, एक नटबोल्ट मिळाला न्हाई. मंग मिल्ट्रीच्या लिलावातल्या जिपचं इंजान आनून बसवलं. बसंना म्हनून बॉनेट कापलं. मागची चाकं रुंद टाकली. सायलेन्सर काडून सरळ नळी लावली. सुरू झाली की शेजाऱ्याची म्हस दावं तोडायची. एकदा नसरापूरच्या फाट्यावर एका कोऱ्या गाडीवाल्यानं हासून हॉर्न वाजवला म्हनं, तर ह्यांनी त्याला आशी धूळ चारली की ती गोष्ट आमच्या घरात जेवनाच्या ताटासंगं वाढली जायची. आत्याबाई, म्हंजी माज्या सासूबाई, म्हनायच्या, "आरं, ती गोष्ट बी आता घासून गुळगुळीत झाली, तिचं टायर बदल की."

पर एक गोष्ट ह्यास्नी जमली न्हाई. हॅन्डब्रेक. त्याची वायर तुटल्याली, आन त्या मापाची दुसरी कुटंच न्हाई. जिपची बसंना, ट्रकची बसंना. म्हनून ह्यांनी नदीतनं एक धोंडा आनला, काळा, एका अंगाला पातळ आन दुसऱ्या अंगाला जाड. गाडी आमी कायम उतारावर, सडकंकडं तोंड करून लावायचो, कारन बॅटरी मेल्याली, उतारावरनं सोडली तरच सुरू व्हायची. गेरमदी टाकायची आन पुढच्या चाकाखाली त्यो धोंडा सारायचा. दुसरा धोंडा चालायचा न्हाई. ह्यांनी इतक्या वर्सात त्यो बरुबर बसवला व्हता, चाकाला बी त्याची सवं आन त्याला बी चाकाची. गाडी घेऊन कुटं गेलं तर धोंडा गाडीतनं संगं जायाचा. आत्याबाई त्याला ह्यांचा थोरला ल्योक म्हनायच्या.

म्या गाडीला भ्यायची. पर पोरगं झालं आन काय झालं ठावं न्हाई, त्याला पाळन्यात झोप लागंना, मांडीवर लागंना, फकस्त त्या मागच्या शीटवर लागायची. चामड्याचा वास, का मऊपना, कुनास ठावं. रडून रडून निळा व्हायाचा, गाडीत ठेवला की गप. ह्यास्नी लई आनंद. "बापाचा नाद घेतलाय," म्हनायचे. "ह्योच चालवनार तिला." मला वाटायचं, म्हंजी आजून ईस वर्सं ही दारात? आन माजं पोरगं तिच्यात?

त्या साली पेट्रोल भडकलं. आदी ऐतवारी आमच्या अंगनात ह्यांचे दोस्त जमायचे, पाच-सा जन, समद्यास्नी ह्योच नाद. कुनाची जुनी फटफटी, कुनाची टपाची गाडी. दिसभर एक काडायचं, एक बसवायचं, म्या च्या करून करून थकायची. पेट्रोल भडकलं तसं एकेक कमी झाला. फटफटीवाल्यानं फटफटी इकून सायकल घेतली. शेवटाला एकच दोस्त ऱ्हायला, त्यो बी यायचा, च्या प्यायचा आन जायचा. एकदा ह्यास्नी म्हनाला, "आपन गेल्यावर ह्यास्नी कोन बगनार रं? आपल्याच पोरांना ह्ये डबडं वाटनार."

हे म्हनाले, "माज्या पोराला न्हाई वाटनार."

आन त्याच पावसाळ्यात पुन्याचे एक सायेब आले. धोतर-कोट, पांढऱ्या मिशा, त्यास्नी जुन्या मोटारी बगायचा नाद. कुनीतरी सांगितलं म्हनून भोरपतुर आले. गाडीभवती दोन फेऱ्या मारल्या, खाली वाकून बगितलं, आन बॉनेट उघडलं तवा त्यांचा चेहराच उतरला.

"अहो, हे काय केलंत? हिचं काळीज काढून जिपचं बसवलंत?"

"मंग काय करू सायेब? मढं ठिवू दारात? आता पळती ती. बसता का, दावतो."

"पळण्यासाठी नव्या गाड्या आहेत की. ही जशी होती तशी राहायला हवी होती. अशा किती उरल्यात माहीत आहे का तुम्हाला? पुढं लोक ह्या बघायला रांगा लावतील."

"रांगा लावतील, पर बसून जानार कोन न्हाई, व्हय ना? नुसतं बगनार. आमच्याकडं नवरीला आसं बगत्यात, सायेब."

सायेब हासले. मंग त्यांनी च्या घेतला, पोराच्या गालाला हात लावला. जाताना एका कागदावर पत्ता लिवून दिला. म्हनाले, "कधी ठेवणं जमेनासं झालं तर भंगारात देऊ नका. मला एक पोस्टकार्ड टाका. मी येऊन घेऊन जाईन. आहे तशी. जिपच्या इंजिनासकट."

त्यो कागद ह्यांनी गाडीच्याच कप्प्यात ठेवला.

आता त्या दिवसाचं. खंडेनमी व्हती. त्या दिवशी हत्याराची, अवजाराची, गाडीची पूजा. ह्यांनी पाटंपासनं गाडी धुतली, तेल मारलं, आन झेंडूची फुलं आनाय भोरात गेले. आत्याबाई देवळात. म्या घरात एकटी. पोरगं किरकिर करत व्हतं, म्हनून त्याला गाडीत ठेवलं, त्यो झोपला. अंगान सारवल्यालं, ताट तयार, निवद तयार, नारळ तयार. ह्यांची वाट बगतेय.

आन तवा मला काय सुचलं ते सांगते. सुचलं म्हंजी भ्या वाटलं. गाडी अशी चकाकत व्हती, ऊन तिच्या दिव्यावर, आन मला वाटलं ती बगतेय. म्या मनात म्हनलं, ह्यांची पूजा वेगळी, माजी वेगळी. आपन गुपचूप एक नारळ देऊ तिला. सांगू, बाई, माज्या लेकराला सांभाळ, त्याला काई करू नगंस. घरात दोन नारळ व्हते. एक कमी झाला तर कोन बगतंय.

आमच्याकडं बाई नारळ फोडत न्हाई. पदरात ल्हान पोर आसंल त्या बाईनं तर न्हाईच न्हाई, पोराला लागतंय म्हनत्यात. मला ठावं व्हतं. तरी बी.

फोडायचा कशावर? सारवायच्या आदी अंगनातलं समदं मोठं दगड म्याच भाईर टाकलं व्हतं. उंबऱ्यावर फोडला तर डाग दिसंल, आत्याबाई इचारतील. मंग माजी नजर त्या धोंड्याकडं गेली. म्हनलं, गाडीचा नारळ, गाडीचाच धोंडा. ह्याच्यावर फोडला तर तिला पावंल. म्या वाकले, धोंड्याला हळदकुकू लावलं, आन दोन्ही हातांनी वडला. निघंना. तवाच कळाय पायजे व्हतं, की गाडी त्याच्यावर रेलल्याली हाय. पर मला वाटलं गेरमदी आसंल, कायम आसती. ह्यांनी जॅक लावून मागची चाकं फिरवून पुसायला गेर काडला व्हता. त्येंनी जाताना मला सांगितलं व्हतं का? पोरगं रडत व्हतं, ते काईतरी बोलले, म्या व्हय व्हय म्हनलं. काय बोलले ते आजपतुर आठवत न्हाई. लई आठवते. न्हाई आठवत.

हिसडा दिला, धोंडा निघाला. गाडी हलली न्हाई, चाक मातीत वाईच रुतल्यालं व्हतं. म्या धोंडा दोन पावलं पुढं, दोन चाकांच्या मदल्या अंगाला ठेवला, नारळ आपटला. एका दणक्यात फुटला. म्या लई खूश झाले. म्हनलं, पावली.

आन मंग गाडी हलली.

बांधावर मान्सं जमली. देवळातनं आत्याबाई पळत आल्या, पदर कुटं, चप्पल कुटं. पोराला माज्याकडनं हिसकून घेतलं, उलटं-पालटं करून बगितलं, आन त्याला कवटाळून गाडीला शिव्या द्यायला लागल्या. "मेल्या खटाऱ्या, तुजं वाटोळं झालं! माजं रगात पायजे व्हय तुला?"

हे आले तवा त्यांच्या हातात झेंडूची माळ व्हती. बांधावर आले, गाडी बगितली, पोराला बगितलं. माळ तशीच हातात. कुनी काईच इचारलं न्हाई त्यास्नी, तेच बोलले, "धोंडा घसरला. सारवल्यालं व्हतं ना अंगान, वलं व्हतं. म्या दाबून लावला न्हाई."

आत्याबाईंनी माज्याकडं बगितलं. "तू कुटं व्हतीस गं?"

"हितंच व्हते. ताट करत व्हते."

बास. एवढंच बोलले म्या. खोटं बी न्हाई. आन तेवढ्यात समदं ठरून गेलं. धोंडा घसरला, ब्रेक न्हाई, गाडी उतरली. समद्यांनी मान्य केलं. म्या तोंड उघडायच्या आदीच माजी गोष्ट कुनीतरी सांगून मोकळं झालं व्हतं.

लोक बैलं जुंपून गाडी वर आनायच्या खटपटीत लागले. म्या पोराला घेऊन घरी आले. अंगनात धोंडा पडल्याला, नारळाच्या पान्यानं वला, कुकू लावल्याला. म्या नारळाची भकलं शेनाच्या खड्ड्यात टाकली. धोंडा उचलला, न्हानीत नेला, घासला. कुकू वरवरचं गेलं. पर त्या धोंड्याला बारीक बारीक भोकं, त्यातलं जाईना. मंग तसाच उलटा करून न्हानीत ठेवला, पाय घासायच्या दगडासंगं. हे आंगुळीला नदीवर जायाचे, न्हानीत यायचे न्हाईत.

दुसऱ्या दिवशी दसरा. कुनी सोनं वाटलं न्हाई आमच्याकडनं. हे अंगनात फिरतायत, खाली बगत. सडकंपतुर गेले, गवत चाचपलं, परत आले.

"धोंडा कुटं गेला गं?"

"म्या न्हाई बगितला."

"घसरला आसंल तर हितंच पायजे ना. चाकानं फेकला तरी किती लांब फेकंल?"

"आसंल कुटंतरी. मान्सं किती आली व्हती, कुनी लाथाडला आसंल."

ते फिटर हायत. त्यांचं डोकं तसंच चालतं, हे हितनं निघालं तर तितं पडाय पायजे. चार दिवस ते धोंडा हुडकत व्हते. आन म्या चार दिवस न्हानीत आंगूळ करताना त्याच्याकडं पाठ करून बसत व्हते.

पाचव्या दिवशी जेवताना हे म्हनाले, "आये, गाडी देतो काडून."

आत्याबाईंनी देवाला हात जोडले. म्या ताटाकडं बगत व्हते. मला काय वाटलं सांगू का? बरं वाटलं. पैल्यांदा बरं वाटलं. म्हनलं, सुटले. पोरगं सुटलं. मंग मला सायेबांचा कागद आठवला आन आजून बरं वाटलं, गाडी बी जगंल, हितनं जाईल पर जगंल. म्या म्हनलं, "त्या पुन्याच्या सायबास्नी कार्ड टाका की. ते आहे तशी नेतील म्हनाले व्हते."

ह्यांनी मान हलवली. "न्हाई. भंगारात देतो. तोडून टाकाय सांगतो."

"का वं?"

"एकदा पोराच्या जिवावर उठली ती. सायबाच्या घरी नातवंडं आसतील. दुसऱ्याच्या पोरावर सोडायची व्हय? आपल्याच्यानं ब्रेक झाला न्हाई, आपून दुसऱ्याला कसं द्यायचं? तुटलेली बरी."

तवा बोलायचं व्हतं. तवाच. ती जिवावर उठली न्हाई वं, म्या धोंडा काडला. एवढी चार अक्षरं. आत्याबाई समोर, पोरगं त्यांच्या मांडीवर, टेंगूळ आजून निळं. मला डोळ्यापुढं दिसलं, त्या आदी काय म्हनतील. पोराची आई असून नारळ फोडला. धोंडा काडला, पोरगं आत ठेवून. पोराला माज्याकडं देतील का पुन्हा? आमच्या वाडीत एका बाईला तसंच म्हायेरी धाडली व्हती, पोरगं ठेवून घेऊन, ते म्या डोळ्यांनी बगितलं व्हतं. आन हे? हे काय म्हनतील? काईच म्हननार न्हाईत, त्याचंच जास्त भ्या.

आन दुसरं बी डोक्यात. समजा सांगितलं, समद्यांनी माफ केलं, तर गाडी ऱ्हानार. हितंच, दारात. ब्रेक न्हाईच तिला. म्या धोंडा काडला हे खरं, पर एका धोंड्यावर पोराचा जीव टांगल्याला, हे बी खरंच की. पोरगं रांगनार, चालनार, एक दिवस त्यो स्वताच धोंडा काडनार. आसं मनाला सांगत ऱ्हायले. सांगता सांगता आटवडा गेला.

भंगारवाला आला, ट्रक घेऊन. संगं चार गडी. ट्रक उतारावर उलटा लावला, फळ्या टाकल्या, गाडी ढकलून वर चढवायची. ड्रायवर म्हनाला, "ट्रकच्या चाकाखाली काईतरी लावा वं, उतार लई हाय."

हे इकडं-तिकडं बगायला लागले. आन आत्याबाई, त्यास्नी काय ठावं, धोंडा त्यांनी कायम चाकाखालीच बगितल्याला, त्या न्हानीत गेल्या आन दोन्ही हातात त्यो धोंडा घेऊन आल्या. "ह्यो घ्या. न्हानीत पडलाय, पाय घासायचा."

ह्यांनी हातात घेतला. घेतल्या-घेतल्या वळखला. वजनावरनंच वळखला आसंल. उलटा केला. म्या पोराला कडंवर घेऊन दारात हुबी. ह्यांनी अंगठ्यानं धोंड्याची भोकं घासली. अंगठा बगितला. लाल.

"आये, ह्याला कुकू कुनी लावलं?"

"म्या न्हाई बाबा. पाय घासायच्या दगडाला कुकू कोन लावंल?" आन आत्याबाई हासल्या. आटवड्यात पैल्यांदा.

ह्यांनी माज्याकडं बगितलं. गडी फळ्या धरून हुबे, ड्रायवर बिडी वढतोय. हे चालत माज्याजवळ आले, धोंडा हातात, आन हळू, आत्याबाईला आईकू जानार न्हाई आसं, म्हनाले, "घसरला न्हवता. व्हय ना?"

रागानं न्हाई इचारलं. आसं इचारलं जसं दोस्ताला इंजानाचं इचारतात, कुटं वाजतंय सांग. मला वाटतं म्या व्हय म्हनले आसते तर त्यांनी गड्यास्नी थांबवलं आसतं. ट्रक रिकामा गेला आसता. न्हाईतर सायबास्नी कार्ड गेलं आसतं. गाडीवरचा डाग धुतला गेला आसता. पोरगं माज्या गळ्यात हात टाकून गाडीकडं बोट दावत व्हतं, आन आत्याबाई आमच्याकडं बगत व्हत्या, हासू आजून तोंडावर.

म्या म्हनले, "मला न्हाई ठावं."

त्यांनी धोंडा दुसऱ्या हातात घेतला. मंग पोराच्या कपाळावरनं, टेंगूळ व्हतं तितनं, हात फिरवला. त्याच अंगठ्यानं. पोराच्या कपाळाला वाईच लाल लागलं. आन वळले, ट्रकच्या चाकाखाली धोंडा दाबून बसवला, लई दाबून, टाचंनं दोन लाथा घातल्या, आन गड्यास्नी म्हनाले, "हां. ढकला आता."

ट्रक गेला तवा धोंडा तेवढा मागं ऱ्हायला. गाडीच्या कप्प्यातला सायबांचा कागद गाडीसंगंच गेला.

आता पोरगं तीन वर्साचं हाय. त्या धोंड्यावर बसतो, ताटली धरून फिरवतो आन तोंडानं भुर्र करतो. कुनी शिकवलं न्हाई. हे ग्यारेजातनं यष्टीनं येतात, त्याला तसं बगतात आन आत जातात. मला कदी एक सबूद बोलले न्हाईत त्यावरनं. ऐतवारी अंगनात कुनी येत न्हाई. मागल्या म्हैन्यात त्यो शेवटचा दोस्त रस्त्यात भेटला, त्यो सांगत व्हता की पुन्याला जुन्या मोटारी वळीनं लावून लोकास्नी दावल्या म्हनं, पोरं बापाच्या खांद्यावर बसून बगत व्हती. हे म्हनाले, "आसं व्हय." आन चालाय लागले. म्या मागनं. मला वाटतंय ते कवातरी वळतील आन पुन्हा तेच इचारतील, आन तवा मला बोलावं लागंल. रोज वाटतंय.

म्हनून तुमास्नी इचारते, ज्या कुनी लेकराच्या आया आसाल त्यास्नी. कडंवर पोरगं, समोर सासू, नवरा हळू इचारतोय, ट्रक हुबा. तुमी काय बोलला आसता?